भावाची गाडी चालवताना अपघात झाला, तर विमा कोणाकोणाला मिळतो?

गणपतीला कोकणात जायचे असते, लग्नाची खरेदी असते किंवा आईला दवाखान्यात न्यायचे असते. घरात गाडी नसली की मोठ्या भावाची, मामाची किंवा सासऱ्यांची गाडी एक-दोन दिवसांसाठी मागून घेतली जाते. आरसी आणि विमा मालकाच्या नावावर, स्टिअरिंगवर मात्र दुसराच. अशा वेळी अपघात झाला, तर विमा कंपनी पैसे देते का?

थोडक्यात उत्तर असे: समोरच्या माणसाची भरपाई आणि गाडीची दुरुस्ती बहुतेक वेळा मिळते. पण गाडी मागून घेणारा स्वतः जखमी झाला किंवा दगावला, तर त्याच्यासाठी त्या पॉलिसीत फारसे काही नसते. आणि नेमकी हीच बाजू घरोघरी दुर्लक्षित राहते.

विमा गाडीचा की चालवणाऱ्याचा?

भारतात मोटार विमा गाडीला जोडलेला असतो. खासगी कारच्या पॉलिसीत चालकाविषयी एक ठरलेले कलम असते. अपघाताच्या वेळी वैध लायसन्स असलेली आणि लायसन्ससाठी अपात्र न ठरलेली कोणतीही व्यक्ती गाडी चालवू शकते, असा त्याचा अर्थ. त्यामुळे भाऊ, मेहुणी किंवा पुतण्या यांची नावे पॉलिसीत घालावी लागत नाहीत आणि मालकाचे लेखी संमतिपत्रही लागत नाही.

ब्रिटनमध्ये पद्धत वेगळी आहे. तिथे सर्वसाधारणपणे पॉलिसीत नाव असलेल्या चालकांनाच संरक्षण मिळते. तिकडच्या नातेवाइकांचे अनुभव ऐकून इथला अंदाज बांधू नये.

समोरच्याचे नुकसान झाले तर

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १४६ नुसार थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. रस्त्यावरची दुसरी व्यक्ती जखमी झाली किंवा दगावली, तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरण ठरवील ती भरपाई विमा कंपनी देते. तिला कमाल मर्यादा नाही. दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीसाठी मात्र खासगी कारला ७.५ लाख रुपयांची मर्यादा असते.

इथे मालकाने एक गोष्ट ध्यानात ठेवावी. तो अपघाताच्या वेळी घरी असला, तरी न्यायाधिकरणाची नोटीस चालकाबरोबर त्यालाही येते. विमा संपलेला असेल, तर भरपाईचा बोजा मालक आणि चालक दोघांवर पडतो. शिवाय विनाविमा गाडी चालवल्यास किंवा चालवू दिल्यास पहिल्या गुन्ह्याला २,००० रुपये दंड, ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात.

गाडीचे नुकसान झाले तर

दुरुस्तीचा खर्च मिळण्यासाठी ‘ओन डॅमेज’ संरक्षण हवे, म्हणजे कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसी किंवा त्यासाठीची वेगळी पॉलिसी. फक्त थर्ड पार्टी विमा असेल, तर मोडलेला बंपर खिशातूनच दुरुस्त करावा लागतो.

संरक्षण असले तरी सगळा खर्च मिळत नाही. सक्तीची वजावट १,५०० सीसीपर्यंतच्या कारला १,००० रुपये आणि त्यापुढच्या कारला २,००० रुपये असते. झीज-घसाऱ्याची कपात वेगळी. क्लेम घेतला की मालकाचा नो क्लेम बोनसही शून्यावर येतो. हा बोनस पहिल्या वर्षी २० टक्के असतो आणि सलग पाच वर्षे क्लेम नसेल तर ५० टक्क्यांवर जातो. गाडी ठोकली धाकट्याने, पण पुढच्या वर्षी वाढलेला हप्ता थोरला भरतो. म्हणून लहानसा डेंट असेल, तर आधी गॅरेजचा अंदाजखर्च घ्यावा, गमावला जाणारा बोनस त्याच्याशी ताडून पाहावा आणि मगच क्लेम करावा.

चालवणारा स्वतः जखमी झाला तर

मोटार पॉलिसीसोबत १५ लाख रुपयांचा वैयक्तिक अपघात विमा असतो. पण तो ‘मालक-चालका’साठी असतो. त्याच्या तीन अटी आहेत: व्यक्ती गाडीची नोंदणीकृत मालक असावी, पॉलिसी तिच्याच नावावर असावी आणि तिच्याकडे वैध लायसन्स असावे. गाडी मागून नेणारा पहिल्या दोन अटींतच बसत नाही.

मग थर्ड पार्टी म्हणून भरपाई मागता येईल का? मागून घेतलेल्या मोटारसायकलवर झालेल्या मृत्यूच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये म्हटले, की वाहन मागून घेणारा मालकाच्या जागी येतो. त्यामुळे तेव्हा लागू असलेल्या कलम १६३-अ खाली त्याच्या वारसांना त्याच वाहनाच्या विमा कंपनीकडून भरपाई मागता येत नाही.

२०२० च्या आणखी एका निकालात न्यायालयाने हीच भूमिका घेतली. त्या प्रकरणात धडक दुसऱ्या मोटारसायकलची होती. तरी वारसांनी दावा केला तो मागून घेतलेल्या गाडीच्या विमा कंपनीवर. दुसऱ्या गाडीच्या मालकाला आणि कंपनीला त्यात ओढलेच नाही. शेवटी पॉलिसीतल्या वैयक्तिक अपघात विम्याचे १ लाख रुपये आणि त्यावरील व्याज एवढेच हाती आले.

यातून दोन गोष्टी कळतात. चूक दुसऱ्या वाहनाची असेल, तर दावा त्या वाहनाच्या मालकावर आणि विमा कंपनीवरच करावा. आणि नातेवाइकांच्या गाड्या वरचेवर चालवणाऱ्याने स्वतःच्या नावावर वैयक्तिक अपघात विमा आणि आरोग्य विमा ठेवावा. तो माणसाबरोबर राहतो, गाडी कोणाचीही असो.

गाडीत बसलेल्या नातेवाइकांचे काय?

कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसीत खासगी कारमधील प्रवाशांविषयीची जबाबदारी धरलेली असते. केवळ कायद्यापुरत्या थर्ड पार्टी पॉलिसीत विनाभाडे बसलेल्या प्रवाशांना हे संरक्षण मिळेल असे धरून चालू नये. जादा हप्ता भरून प्रवाशांसाठी प्रत्येकी २ लाख रुपयांपर्यंतचा वैयक्तिक अपघात विमा घेता येतो.

क्लेम कुठे अडकतो?

- लायसन्स: चालकाकडे त्या प्रकारच्या वाहनाचे वैध लायसन्स नसेल, तर दुरुस्तीचा क्लेम नाकारला जातो. थर्ड पार्टीला आधी पैसे देऊन ते मालकाकडून वसूल करण्याची मुभा न्यायालय कंपनीला देऊ शकते. शिकाऊ लायसन्स चालते, पण शेजारी पक्के लायसन्स असलेली व्यक्ती आणि गाडीवर ‘एल’ची पाटी हवी.
- परदेशातून आलेले नातेवाईक: त्यांचे भारतीय लायसन्स संपले असेल, तर आंतरराष्ट्रीय वाहनचालक परवाना सोबत असल्याशिवाय किल्ली देऊ नये.
- दारू: नशेत गाडी चालवली, तर स्वतःच्या गाडीचा क्लेम मिळत नाही.
- भाडे: खासगी गाडी भाड्याने प्रवासी नेण्यासाठी वापरली, तर पॉलिसीची अट मोडते.
- अल्पवयीन चालक: कलम १९९-अ नुसार पालकाला किंवा मालकाला ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो. गाडीची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द होते.
- खोटी माहिती: ‘गाडी मीच चालवत होतो असे सांगतो’ असे मालक भावाच्या प्रेमापोटी म्हणतो आणि चांगला क्लेम बुडतो. क्लेम फॉर्मवर चालकाचे नाव आणि लायसन्स क्रमांक विचारलेला असतो. पोलिसांचा पंचनामा, दवाखान्याचे कागद आणि टोल नाक्यावरचे कॅमेरे यांतून खरे बाहेर येते. लायसन्सधारक भाऊ गाडी चालवत होता, हे क्लेम नाकारण्याचे कारणच नाही. खोटे बोलणे हे मात्र आहे.

गाडी वडिलांच्या नावावर आणि वडील हयात नसतील तर

अनेक घरांत वडिलांच्या पश्चात गाडी वर्षानुवर्षे त्यांच्याच नावावर फिरत राहते. पॉलिसीच्या अटीनुसार विमाधारकाच्या मृत्यूनंतर विमा ३ महिने किंवा पॉलिसीची मुदत संपेपर्यंत, यांपैकी जे आधी येईल तोवर चालू राहतो. त्या काळात वारसाने मृत्यूचा दाखला, वारस असल्याचा पुरावा आणि मूळ पॉलिसी देऊन ती आपल्या नावावर करून घ्यावी. आरटीओतील नोंदही बदलावी.

किल्ली हातात घेण्याआधी

1. पॉलिसीची शेवटची तारीख आणि प्रकार पाहावा: फक्त थर्ड पार्टी की कॉम्प्रिहेन्सिव्ह.
2. आरसी आणि पॉलिसीवर एकाच मालकाचे नाव आहे का ते पाहावे. दोन्ही कागद आणि पीयूसी डिजिलॉकर किंवा एमपरिवहनवर आहेत का, हे मालकाला विचारावे.
3. किलोमीटरवर आधारित पॉलिसी असेल, तर किती किलोमीटर उरले आहेत ते जाणून घ्यावे.
4. विमा कंपनीचा हेल्पलाइन क्रमांक मोबाइलमध्ये ठेवावा. अपघात झाल्यास कंपनीला लगेच कळवावे आणि सर्व्हेअर पाहून जाईपर्यंत दुरुस्ती सुरू करू नये.
5. वजावटीचा आणि गमावलेल्या बोनसचा भार कोण उचलणार, हे आधीच बोलून घ्यावे. घरातल्या घरात हा विषय काढायला अवघड वाटते, पण गाडी गॅरेजमध्ये पोहोचल्यावर तो काढणे त्याहून अवघड असते.