नाच मागे पडला, गिरकी राहिली

अमेरिकेच्या न्यू हॅम्पशायर, व्हरमाँट या भागांत गावच्या सभागृहात कॉन्ट्रा नाच भरतो. समोरासमोर दोन लांब रांगा, फिडल, पियानो आणि मंचावरून पुढची आकृती पुकारणारा एक जण. तो जी नावं घेतो, त्यांत या नाचाचा अख्खा प्रवास साठलेला आहे.

मूळ इंग्लंडमधलं. 1651 साली लंडनच्या जॉन प्लेफर्डने शंभरावर नाचांचं पुस्तक छापलं आणि रांगेतले हे नाच कागदावर आले. पुढे फ्रेंचांनी ते उचलले. पाठीला पाठ लावून फिरण्याचं ‘डो-सी-डो’, हात धरून फिरण्याचं ‘आलमांड’, जोडीने चालण्याचं ‘प्रॉमनाड’ ही नावं फ्रेंच वाटेने आली.

खरी गंमत त्यानंतरच्या नावांत आहे. ‘पेट्रोनेला’ हा मुळात 19व्या शतकातला एक स्कॉटिश नाच. त्यात चालती जोडी गिरक्या घेत चौकटच्या आकारात फिरायची, बाकीचे जागेवर उभे. आज तो नाच क्वचितच लागतो, पण त्यातली गिरकी शेकडो नव्या नाचांत आहे आणि आता ती दोन जोड्यांतले चौघेही घेतात. हात धरून झोका, मग हात सोडून प्रत्येक जण उजवीकडे फिरत शेजारच्या जागेवर, शेवटी दोन टाळ्या. टाळ्या नंतरच्या नाचणाऱ्यांनी जोडल्या. ‘रोरी ओ’मोर’चंही तेच. सॅम्युअल लव्हर या आयरिश लेखकाच्या गाण्याचा आणि 1837च्या कादंबरीचा हा नायक. त्याच्या नावाचा नाच निघाला आणि त्यातली डावी-उजवी सरकती गिरकी आता त्याच्याच नावाने चालते. ती घेणाऱ्या कितीजणांनी कादंबरी वाचली असेल! मॅसॅच्युसेट्समधल्या ‘बेकेट’ शिबिराचं नाव हर्बी गोड्रो यांच्या एका नाचाला मिळालं, आणि जोडीदार एकाच बाजूला शेजारी उभे राहण्याची ती मांडणी ‘बेकेट’ म्हणून रूढ झाली.

मला या नामकरणाचं फार अप्रूप आहे. नाव कुणी समिती नेमून दिलं नाही. एक सुरेख चाल मूळ नाचातून सुटली आणि नव्या नाचात शिरताना जुनं नाव घेऊन आली.

नाव टिकतं त्यामागे हिशोबही आहे. सूर 32 मात्रागटांचा, म्हणजे 64 पावलांचा. बहुतेक आकृत्या आठ पावलांच्या, काही सोळांच्या. पुकारणाऱ्याला नाव आधीच्या आकृतीच्या शेवटच्या दोन-चार पावलांत उच्चारावं लागतं, म्हणजे नवी ओळ सुरू होताच पाय उचलता येतो. लांबलचक वर्णन तिथे मावतच नाही.

नाच रचणाराही याच पावलांचा विचार करतो. पुरुषांना डाव्या हाताने दीड फेरा फिरवला, की ते जोडीदारासमोर येतात, उजवी बाजू मोकळी असते आणि अंगात वेग असतो. तिथून जोडीने गरगर फिरण्याच्या ‘स्विंग’मध्ये शिरायला ओढाताण लागत नाही. टेड सॅनेलासारख्या रचनाकारांनी असे जोड बारकाईने साधले.

अलीकडे मात्र काही नावं बदलावी लागली. हात न लावता, नजरेला नजर देत एकमेकांभोवती फिरण्याच्या आकृतीला ‘जिप्सी’ म्हणत. रोमा लोकांना तो शब्द अपमानकारक वाटतो, म्हणून बऱ्याच ठिकाणी आता ‘राइट शोल्डर राउंड’ म्हणतात. हा बदल मला योग्य वाटतो. ‘जेंट्स’ आणि ‘लेडीज’ यांच्या जागीही अनेक सभागृहांत ‘लार्क्स’ आणि ‘रॉबिन्स’ आले, कारण कुणीही कुठलीही भूमिका नाचतो. डावीकडचा लार्क, उजवीकडचा रॉबिन. ‘लार्क्स’ला ‘जेंट्स’इतकाच एक ठोका लागतो आणि ‘रॉबिन्स’ला ‘लेडीज’इतकेच दोन, त्यामुळे पुकारणाऱ्याला जुन्या पुकाऱ्याची लय मोडावी लागली नाही.