एअरफ्लो : समांतर टास्कवरील मर्यादा

अपाची एअरफ्लो या कार्यप्रवाह-नियोजकात एका वेळी किती टास्क चालू द्यायची, हे ठरवणारी नियंत्रणे. मॅक्सिम बोशमँ यांनी 2014 मध्ये एअरबीएनबी कंपनीत एअरफ्लोचे काम सुरू केले; 2019 मध्ये तो अपाची सॉफ्टवेअर फाउंडेशनचा पूर्ण दर्जाचा प्रकल्प झाला. परस्परांवर अवलंबून असलेली टास्क पायथनमध्ये ‘डॅग’ म्हणून लिहिली जातात आणि शेड्यूलर ती चालवण्यासाठी क्रमाने वर्करकडे पाठवतो.

कोणत्या टास्कच्या आधी कोणते, एवढे शेड्यूलर जाणतो. पलीकडचा डेटाबेस किती भार सोसेल, हे त्याला कोणीतरी सांगावे लागते. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये मुळातली मर्यादा 100 जोडण्यांची असते. एखाद्या डॅगची आरंभतारीख वर्षभर मागची आणि ‘कॅचअप’ (मागच्या तारखांची भरपाई) चालू असेल, तर रोजच्या डॅगचे जवळजवळ 365 रन, म्हणजे फेऱ्या, बाकी निघतात. मर्यादा सैल असल्या तर ही थकबाकी थेट त्या जोडण्यांवर येऊन आदळते. 2025 च्या एअरफ्लो 3 पासून कॅचअप मुळातच बंद ठेवला आहे, हा बदल योग्यच म्हटला पाहिजे.

मर्यादा अनेक स्तरांवर असतात. ‘पॅरलेलिझम’ ही प्रत्येक शेड्यूलरमागची कमाल संख्या मुळात 32 असते. शेड्यूलर दोन असतील तर एकूण 64. एअरफ्लो 2 मध्ये मुळात एका डॅगची एका वेळी 16 टास्क आणि 16 रन चालू शकतात. टास्क वर्करांत वाटण्यासाठी सेलरी ही प्रणाली वापरल्यास प्रत्येक वर्करची मर्यादाही मुळात 16 असते. यांतली जी आधी भरेल तिथे टास्क थांबते, म्हणून केवळ पॅरलेलिझम वाढवून वेग वाढेलच असे नाही.

यांत सर्वांत उपयोगी साधन ‘पूल’ हे होय. बाकीच्या मर्यादा डॅग किंवा यंत्रणेभोवती असतात. पूल मात्र नाजूक साधनाभोवती बांधता येतो. डेटाबेसच्या नावाने पाच स्लॉटचा (जागांचा) पूल केला आणि त्या डेटाबेसला हात लावणाऱ्या प्रत्येक टास्कमध्ये त्याचे नाव लिहिले, की टास्क कोणत्याही डॅगमधले असो, पाचाच्या वर संख्या जात नाही. जड टास्कला एकाहून अधिक स्लॉट देता येतात. पुलाच्या एकूण स्लॉटपेक्षा जास्त मागितले तर मात्र ते टास्क कधीच सुरू होत नाही. स्लॉट मोजताना शेड्यूलर पुलांच्या नोंदींना कुलूप लावतो, त्यामुळे एकच मोकळा स्लॉट दोन शेड्यूलरांच्या हिशेबात येत नाही.

मोकळा स्लॉट आधी कोणाला, हे अग्रक्रमावर ठरते. मूळ नियमात टास्कच्या वजनात त्याच्यापुढच्या सर्व टास्कची वजने मिळवली जातात; म्हणून साखळीच्या तोंडाशी असलेली टास्क पुढे सरकतात. परिणामी मागची थकबाकी भरताना अनेक रन अर्धवट सुरू होतात आणि पूर्ण एकही लवकर होत नाही. रन एकेक करून संपवायचे असतील तर ‘अपस्ट्रीम’ नियम निवडावा.

सर्वांत वाईट अडचण सेन्सरची. सेन्सर एखादी फाइल किंवा दुसरे टास्क पूर्ण होण्याची वाट पाहतो. मूळ ‘पोक’ पद्धतीत दर 60 सेकंदांनी पाहणी करतो आणि मधल्या वेळातही स्लॉट धरून ठेवतो. पाच स्लॉटच्या पुलात पाच सेन्सर बसले आणि ते ज्या टास्कची वाट पाहत आहेत तेही त्याच पुलात असेल, तर कोणीच हलत नाही. यंत्र रिकामे, रांग भरलेली, आणि सेन्सरची मूळ कालमर्यादा तब्बल सात दिवसांची! सेन्सरसाठी वेगळा पूल ठेवणे किंवा पाहणीनंतर स्लॉट सोडणारी ‘रीशेड्यूल’ पद्धत वापरणे, हे त्यावरचे उपाय. 2021 मधील 2.2 आवृत्तीत ‘डिफर’ होणारी टास्क आली: त्यांची प्रतीक्षा ट्रिगरर ही स्वतंत्र प्रक्रिया सांभाळते आणि वर्कर मोकळा होतो. पण स्लॉट सुटला तरी टास्कने सुरू केलेली डेटाबेसमधली क्वेरी चालूच असते, आणि पुलाने ज्याला जपायचे त्याच्यावरचा भार वाढत जातो. म्हणून 2023 मधील 2.7 आवृत्तीपासून डिफर झालेली टास्कही पुलाच्या मोजणीत धरण्याची सोय आहे. ती प्रत्येक पुलासाठी वेगळी चालू करावी लागते.