मागाची साखळी आणि एडिटरचा मॅक्रो

ठाणें जिल्ह्यांतील भिवंडी हें शहर कापडासाठीं प्रसिद्ध आहे. १८५७ नंतरच्या काळांत उत्तर हिंदुस्थानांतून आलेल्या मोमीन विणकरांनीं येथें हातमाग चालविले. विसाव्या शतकांत त्यांची जागा यंत्रमागांनीं घेतली, आणि १९८२ च्या मुंबईंतील गिरणी-संपानंतर त्यांची संख्या झपाट्यानें वाढली. या मागांच्या रचनेंत एक असें तत्त्व आहे कीं, जें पुढें संगणकावर लेखन करणारांच्याही उपयोगी पडलें.

साध्या कापडाच्या मागांत ताण्याचे धागे कोणत्या क्रमानें उचलावयाचे, हें लोखंडी चाकाच्या आकारांतच ठरलेलें असतें. डॉबी बसविलेल्या मागाची गोष्ट निराळी. तेथें लाकडी पट्ट्यांची एक साखळी फिरत असते. पट्टीवर जेथें खुंटी असेल, तेथील धागे वर उचलले जातात. खुंटी नसेल तेथें ते खालींच राहतात. माग तोच राहतो. साखळी बदलली कीं नक्षी बदलते. फ्रान्समध्यें लिऑनच्या जोसेफ मारी जकार यानें १८०४ च्या सुमारास भोकें पाडलेल्या पुठ्ठ्यांनीं हेंच कार्य अधिक सूक्ष्मतेनें साधलें. यंत्र आणि यंत्रास दिलेली आज्ञा या दोन वस्तु वेगळ्या झाल्या.

संगणकावर मजकूर लिहिण्याचें व सुधारण्याचें साधन म्हणजे टेक्स्ट एडिटर. हजार नांवांच्या यादींत प्रत्येक आडनांव शेवटून काढून आरंभीं आणावयाचें, तर त्याच कळा हजार वेळां दाबाव्या लागत. अमेरिकेंतील एम्. आय्. टी. या संस्थेंत १९६२-६३ च्या सुमारास डॅन मर्फी यांनीं ‘टेको’ हा एडिटर रचला. तो मुळांत छिद्रें पाडलेल्या कागदी फितीवरील मजकूर दुरुस्त करण्यासाठीं होता. त्यांत आज्ञांची माळ एकदां लिहून ठेवतां येई व हवी तेव्हां चालवितां येई. हीच माळ म्हणजे मॅक्रो.

पुढें निरनिराळ्या लोकांनीं आपापल्या सोयीचे मॅक्रो रचले. १९७६ मध्यें रिचर्ड स्टॉलमन व गाय स्टील यांनीं त्यांची एकत्र व्यवस्था लावली आणि ‘ईमॅक्स’ जन्मास आला. संपादनाचे मॅक्रो असाच त्या नांवाचा अर्थ आहे. १९८५ च्या ग्नू ईमॅक्समध्यें तर लिस्प ही संपूर्ण भाषाच लिहिणाऱ्याच्या हातीं आली. त्यांतही ‘अमुक असेल तर तमुक कर’ अशी सशर्त आज्ञा देतां येते.

तथापि एक महत्त्वाचा भेद लक्षांत घेतला पाहिजे. जकारपूर्वीं नक्षीच्या मागावर दोऱ्या ओढण्यास मदतनीस लागे; पुठ्ठ्यांनीं त्याचें काम काढून घेतलें. यंत्रमागावरील कामगार तुटलेला धागा जोडतो, धोट्यांत कांडी भरतो. नक्षी मात्र बहुधा दुसऱ्याच कोणी ठरविलेली असते. एडिटरमध्यें ज्याला पुनरावृत्तीचा शीण होतो, तोच आज्ञाही लिहितो. एकाच कल्पनेनें एकाच्या हातचें कसब यंत्राकडे गेलें, तर दुसऱ्याच्या हातीं यंत्राची सत्ता आली.

सत्तेबरोबर जबाबदारीही आली. एक खुंटी चुकली, तर तो दोष नक्षीच्या प्रत्येक आवृत्तींत ठाणभर उमटतो. मॅक्रोंतील चूकही तशीच हजार ओळींत पसरते. म्हणून जाणता विणकर साखळी चढविल्यावर प्रथम वीतभर कापड विणून पाहतो. मॅक्रो लिहिणाऱ्यानेंही आधीं दोन-चार ओळींवर तो चालवून पाहावा, हें उत्तम.