कुत्र्याला हिवाळ्यात बूट घालावेत का? थंडीपेक्षा आधी कुसळाचा विचार करा

थंडी पडली की एक रील हमखास फिरायला लागतं. चारही पायांत रंगीत बूट घातलेला लॅब्रॅडॉर, आणि तो घरातल्या फरशीवर पाय असे उचलून टाकतोय की जणू गुडघाभर चिखलातून चाललाय. कमेंटमध्ये अर्धे लोक हसतात, उरलेले म्हणतात, "लिंक द्या."

लिंक मिळते, बूटही घरी येतात. काहीशे रुपयांपासून काही हजारांपर्यंत हवे तसे सेट आहेत. पण यातले बरेचसे बर्फाळ देशांचा हिवाळा डोळ्यासमोर ठेवून बनवलेले असतात. आत लोकर, बाहेर मऊ कापड. आपल्याकडे कुत्र्याच्या पंजाला त्रास देणाऱ्या गोष्टी वेगळ्याच आहेत. त्या बघायच्या तर पुण्या-मुंबईच्या सोसायटीतून बाहेर पडून पुणतांब्यासारख्या गावाच्या शिवारात जायला हवं.

पुणतांबा म्हणजे अहिल्यानगर जिल्ह्यातल्या राहाता तालुक्यातलं, गोदावरीकाठचं गाव. चांगदेव महाराजांच्या समाधीचं ठिकाण, आणि २०१७ च्या जूनमधल्या शेतकरी संपामुळे देशभर नाव झालेलं. आजूबाजूला ऊस, गहू, हरभरा. डिसेंबर-जानेवारीत या पट्ट्यात रात्रीचा पारा १० अंशांच्या खाली जाणं नवीन नाही. मग अशा थंडीत पंजा गारठतो का?

पंजाची स्वतःची सोय

सहसा नाही. जपानमधल्या हिरोयोशी निनोमिया आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये कुत्र्याच्या पंजातल्या रक्तवाहिन्यांचा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली अभ्यास केला. पंजाच्या गादीत शुद्ध आणि अशुद्ध रक्ताच्या वाहिन्या एकमेकींना अगदी लागून असतात. शरीरातून खाली येणारं गरम रक्त, जमिनीला टेकून गार झालेल्या आणि वर परतणाऱ्या रक्ताला वाटेतच ऊब देतं. त्यामुळे गादी गोठत नाही आणि शरीरही थंड पडत नाही. पेंग्विनच्या पायात अशीच व्यवस्था असते.

म्हणजे १० अंशांत गावठी कुत्र्याच्या पायाला थंडी बाधत नाही. अगदी लहान पिल्लू, म्हातारं किंवा आजारी कुत्रं कुडकुडतं, पण त्याला बुटापेक्षा अंगाखाली कोरडं गोणपाट जास्त उपयोगी. थंडीमुळे पायाला इजा होते ती बहुतेकदा आडवळणाने. ऊब शोधत कुत्री विझत आलेल्या शेकोटीच्या राखेत जाऊन झोपतात आणि आतल्या निखाऱ्याने गादी भाजते. रात्री शेकोटी सोडताना वर पाणी ओतलं तरी हा प्रश्न सुटतो.

खरा शत्रू: कुसळ

दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं, ही म्हण सगळ्यांना पाठ आहे. प्रत्यक्ष कुसळ मात्र शहरातल्या अनेकांनी पाहिलेलं नसतं. पावसाळ्यात माळावर, बांधावर वाढलेलं कुसळी गवत दिवाळीच्या आसपास वाळतं. त्याच्या बीला पुढे सुईसारखं टोक आणि त्यावर उलट्या दिशेचे बारीक केस असतात. मागे लांब, पिळलेली शेपटी असते. ही शेपटी ओल मिळाली की पीळ सोडते, वाळली की पुन्हा पीळ घेते. या फिरण्यामुळे बी जमिनीत स्वतःला रुजवतं.

आता हेच बी कुत्र्याच्या दोन बोटांच्या मधे अडकलं तर? पहाटेचं दव, दुपारचं ऊन, पुन्हा दव. बी त्वचेत शिरायला लागतं आणि उलट्या केसांमुळे मागे येत नाही. काही दिवसांनी बोटांच्या बेचक्यात गाठ येते, पू होतो, कुत्रं पाय चाटत बसतं. बी आत सरकत पायात वर गेलं तर शोधणं अवघड होतं, कारण गवताचा तुकडा एक्स-रेमध्ये सहसा दिसत नाही. जखम वरून भरते, परत फुटते. मालकाला वाटतं औषध लागू पडत नाही. प्रत्यक्षात कारण अजून आतच असतं.

कुसळाच्या जोडीला सराटा आहे, नदीकाठच्या वेड्या बाभळीचे काटे आहेत, तूर आणि ज्वारी काढल्यावर उभी राहिलेली धसकटं आहेत. ऊसतोड झालेल्या फडातल्या तिरक्या कापलेल्या बुडख्यांवरून चपलेशिवाय चालून बघा, म्हणजे अंदाज येईल. संक्रांतीच्या आगेमागे यात नायलॉन मांजाची भर पडते. बंदी आहे, तरी तो पायात गुंडाळला जातोच.

शिवारातल्या कुत्र्याची गादी रोजच्या चालण्याने जाड आणि राठ झालेली असते. धसकट कुठे आहे हेही त्याला कळतं. फसतो तो शहरातून आलेला पाहुणा. हुरडा पार्टीला गाडीतून उतरलेला लॅब्रॅडॉर किंवा गोल्डन रिट्रीव्हर, ज्याची गादी टाइल्सवर चालून मऊ राहिलीय आणि ज्याच्या बोटांमधे लांब केस आहेत. तो आनंदाने थेट रानात धावतो. बूट घ्यायचेच असतील तर पहिला हक्क याचा.

मग बूट कसा असावा?

थंडीसाठीचा लोकरीचा बूट इथे उलट काम करतो. पायमोजा घालून गवतातून चाललात तर मोज्याची काय अवस्था होते ते आठवा. कुसळ लोकरीत रुततं आणि बुटाच्या आत पायाला टोचत राहतं. म्हणून वरचं कापड घट्ट विणीचं आणि गुळगुळीत हवं. बॅगांना वापरतात तसं जाड नायलॉन चांगलं. मोठ्या छिद्रांची जाळी नको.

तळ रबराचा हवा आणि अंगठ्याने दाबल्यावर काट्याला अडवेल असं वाटलं पाहिजे. वेड्या बाभळीचा काटा माणसाच्या स्लिपरमधून आरपार जातो, तेव्हा फुग्यासारख्या पातळ रबरी बुटांचा इथे काही उपयोग नाही. ते ओल्या रस्त्यापुरते ठीक. पण तळ इतकाही कडक नको की पंजा वळणारच नाही. हातात धरून बूट मधोमध वाकवून बघा. रफवेअर या अमेरिकी कंपनीच्या ग्रिप ट्रेक्स बुटाला गिर्यारोहणाच्या बुटांसाठी प्रसिद्ध असलेल्या व्हायब्रमचा तळ असतो. तो महाग आहे, पण टिकाऊ तळ म्हणजे काय हे त्यावरून कळतं. स्वस्तातला घेताना तळ नुसता चिकटवलाय की शिवलाय, हे पाहा. नुसता चिकटवलेला तळ ओल्या काळ्या मातीत लवकर सुटतो.

बूट सगळ्यात आधी फाटतो तो पुढच्या टोकाला. कुत्रं नखं घासत चालतं, विशेषतः मागच्या पायांची. टोकावर रबराची पट्टी वर चढवलेली असेल तर आयुष्य वाढतं. कुत्र्याची नखं वाढलेली असतील तर कोणताच बूट टिकणार नाही. आधी नखं कापा, मग खरेदी करा.

आता पट्टा. कुत्रं आपल्यासारखं टाच टेकवून चालत नाही, बोटांवर चालतं. त्यामुळे बूट अडकून राहायला टाचेचा आधार नसतो. सगळी भिस्त पंजाच्या वर, पाय जिथे बारीक होतो तिथल्या पट्ट्यावर. पट्टा आवळल्यावर खाली एक बोट जेमतेम सरकलं पाहिजे. त्याहून घट्ट झाला तर पंजा सुजतो. आतल्या बाजूच्या अंगठ्याच्या नखावर पट्टा येत असेल तर तिथे हमखास घासतं.

या पट्ट्यांना बहुतेक वेळा व्हेल्क्रो असतो आणि त्यात एक गंमत आहे. स्वित्झर्लंडच्या जॉर्ज द मेस्त्राल यांना व्हेल्क्रोची कल्पना सुचली ती १९४१ मध्ये कुत्र्याला फिरवून आणल्यावर, त्याच्या केसांना चिकटलेली काटेरी बोंडं सूक्ष्मदर्शकाखाली पाहून. म्हणजे ज्या गोष्टीपासून आपण पाय वाचवतोय, तिचीच नक्कल करून बूट बांधतोय! आणि व्हेल्क्रोत गवत भरलं की तो पकड सोडतो. जुन्या टूथब्रशने साफ करत राहा.

माप घ्या, जात बघू नका

"लॅबसाठी लार्ज" असं लिहिलेलं असलं तरी त्यावर जाऊ नका. कागदावर कुत्र्याचा पंजा ठेवा आणि त्याच्या बाजूचा दुसरा पाय उचलून धरा, म्हणजे वजन पडून पंजा पसरेल. सगळ्यात रुंद भागाच्या दोन्ही बाजूंना खूण करा. पुढचे पंजे सहसा मागच्यांपेक्षा रुंद असतात, म्हणून दोन्हींचं माप वेगळं घ्या. चारही सारखेच विकत घेतले की मागचे बूट रानात गळून पडलेच म्हणून समजा. सैल असले तर सुटे विकणारा किंवा मागे लहान आकार देणारा विक्रेता शोधा.

सवय घरात लावा. पहिल्या दिवशी एकच बूट, दोन मिनिटं, आणि सोबत पोळीचा तुकडा. रीलमधली ती विचित्र चाल कुत्र्याला बहुतेकदा जमिनीचा स्पर्श कळेनासा झाल्यामुळे असते. काही दिवसांत ती जाते. नाही गेली, तर त्या कुत्र्याला बूट नकोच.

कधी घालू नयेत

घरी परतल्यावर बूट काढायचेच. कुत्र्याच्या पंजाच्या गादीत घामाच्या ग्रंथी असतात. तासन्‌तास बंद राहिलेला पाय आत ओला होतो आणि बोटांमधे खाज, बुरशी सुरू होते.

मळ्यात राखणीला मोकळ्या सोडलेल्या कुत्र्याला तर रात्री बूट घालूच नयेत. याचं कारण बिबट्या. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी याच जिल्ह्यातल्या अकोले परिसरात केलेल्या अभ्यासात, बिबट्याच्या आहारात सगळ्यात मोठा वाटा कुत्र्यांचा निघाला. उसाच्या पट्ट्यातले शेतकरी कुत्र्याच्या गळ्यात खिळ्यांचा पट्टा बांधतात तो उगाच नाही. अशा ठिकाणी कुत्र्याला वळता, उडी मारता आणि जोरात पळता आलं पाहिजे. बूट त्याची पकड आणि वेग दोन्ही कमी करतो. रस्त्यावरच्या कुत्र्यांना हौसेने बूट घालणंही टाळा. संध्याकाळी ते काढणार कोण?

परदेशातल्या नातेवाइकांचा अनुभव इथे तसाच लागू होत नाही. न्यू जर्सी किंवा टोरांटोत राहणारी मराठी कुटुंबं कुत्र्याला बूट घालतात, कारण तिथे बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात. ते भेगांना झोंबतं आणि चाटल्याने पोट बिघडतं. अलास्कातल्या सुमारे १,६०० किलोमीटरच्या इडिटारोड स्लेज शर्यतीत तर प्रत्येक कुत्र्यामागे ८ बूट जवळ ठेवण्याचा नियम आहे. पण ते साध्या कापडी पिशवीसारखे असतात, बर्फासाठी बनवलेले. सराट्यासमोर त्यांचं काही चालणार नाही.

बूट नसतील तर

बोटांमधले लांब केस कात्रीने बारीक ठेवा. रानातून आल्यावर कोमट पाण्याने पाय धुवा, पुसा आणि प्रत्येक बेचकं उघडून बघा. चार पायांना पाच मिनिटं लागतात. कुसळ नुकतंच टोचलेलं आणि टोक दिसत असेल तर चिमट्याने सरळ ओढून काढा आणि मग पोव्हिडोन आयोडीन लावा. दुखऱ्या पायाला हात लावल्यावर आपलं कुत्रंही चावू शकतं, तेव्हा तोंड मऊ कापडाने सैलसर बांधून घ्या.

गाठ आली असेल, पू असेल किंवा कुत्रं एकच बोट सतत चाटत असेल तर पशुवैद्यकाकडे न्या आणि "रानात गेला होता, कुसळ असू शकतं" हे स्वतःहून सांगा. तपासणीची दिशाच त्याने बदलते. घरातली पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक देऊ नका, माणसाच्या या गोळ्यांनी कुत्र्याचा जीव जाऊ शकतो. जखमेवर जळकं ऑइल ओतण्याची पद्धत काही ठिकाणी अजून आहे. कुत्रं ते चाटतं आणि विष पोटात जातं.

आणि बूट घेतलेच असतील तर फेब्रुवारीत माळ्यावर टाकू नका. एप्रिलच्या दुपारी डांबर हवेपेक्षा कितीतरी जास्त तापतं. तळहाताची मागची बाजू रस्त्यावर सात सेकंद टेकवता येत नसेल, तर कुत्र्याचा पायही तिथे भाजतो. झ्युरिकच्या पोलिसांनी २०१८ च्या उन्हाळ्यात आपल्या कुत्र्यांना बूट घातले होते ते याचसाठी. फक्त आतून लोकर असलेला जोड तेव्हा वापरू नका.