प्लस प्लसचं कोडं : सी भाषेची एक खोड आणि आपल्या परीक्षा

आज आपण दोन अधिक चिन्हांबद्दल बोलणार आहोत. सी भाषेत ‘क’ची किंमत एकाने वाढवायची तर ‘क++’ किंवा ‘++क’ लिहितात. पहिल्यात जुनी किंमत वापरली जाते, दुसऱ्यात वाढवलेली. इतकं साधं. मग नवी मुंबईच्या कॉलेजांत आणि कॅम्पस इंटरव्ह्यूत या चिन्हांचा एवढा बोलबाला का झाला?

सुरुवात अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये. १९७० च्या आसपास केन थॉम्पसन यांनी बी नावाची भाषा तयार केली, त्यात ही चिन्हं आली. पीडीपी-११ या मशीनच्या सोयीसाठी ती आणली, असं पुष्कळ जण सांगतात. डेनिस रिची यांनी १९९३ मध्ये सीचा इतिहास लिहिला तेव्हा ते खोडून काढलं : बी तयार झाली तेव्हा पीडीपी-११ नव्हतंच. जुन्या पीडीपी-७ मध्ये मात्र वापरताच आपोआप एकाने वाढणाऱ्या काही मेमरीच्या जागा होत्या. कल्पना बहुधा तिथून सुचली, असं ते म्हणतात. इकडे मार्च १९७० मध्ये सिडको स्थापन झाली. म्हणजे ही चिन्हं आणि नवी मुंबई जवळपास एकाच वयाची!

आता खोड बघा. ‘क’ची किंमत ५. मग ‘++क + ++क’ किती? जीसीसी हा कंपायलर सहसा १४ सांगतो, क्लँग १३ सांगतो. चूक कोणाची? कोणाचीच नाही. एकाच हिशेबात एकच चल असं दोनदा बदललं तर काय व्हावं, हे १९८९ च्या मानकाने मुद्दाम ठरवलंच नाही. मशीनं वेगवेगळी, कंपायलर लिहिणाऱ्याला मोकळीक हवी, म्हणून. याला अनडिफाइन्ड बिहेवियर म्हणतात. कर्निगन आणि रिची यांनी १९७८ च्या पुस्तकातच अशा लिखाणापासून सावध केलं होतं.

आपल्याकडे काय झालं? १९८३ मध्ये वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदान इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी दिली. त्याच वर्षी नेरुळचं रामराव आदिक इन्स्टिट्यूट सुरू झालं, पुढे वाशी, बेलापूर, ऐरोली इथेही कॉलेजं आली. नागपूरच्या यशवंत कानेटकरांच्या ‘लेट अस सी’ने सी भाषा देशभरातल्या विद्यार्थ्यांच्या हातात दिली. लॅबमध्ये बहुतेक ठिकाणी बोरलँड कंपनीचं टर्बो सी. आता विचार करा : कंपायलर एकच, म्हणून उत्तरही एकच दिसायचं. प्रश्न एका ओळीचा, उत्तर एक आकडा, तपासायला सोपं. हजारो पेपर तपासायचे असतील तर याहून सोयीचं काय? कंपन्यांच्या लेखी चाचण्यांनीही तेच उचललं.

गंमत म्हणजे १९८४ मध्ये अमेरिकेत मुद्दाम दुर्बोध सी लिहिण्याची स्पर्धा सुरू झाली. तिथे भाषेच्या खोडींवर लोक हसले. आपण त्यांवर मार्क दिले.

यात नुकसान कोणाचं? ज्याला नियम खरोखर कळला त्याचं. ‘याची किंमत ठरलेली नाही’ हे खरं उत्तर, पण चार पर्यायांत ते नसेल तर तो काय करणार? बाकीचे एक धडा शिकले : स्क्रीनवर जे दिसतं तेच खरं. मग महापे-ऐरोलीच्या ऑफिसात तोच मुलगा प्रोग्रॅम लिहितो, तो आज चालतो, आणि कंपायलर बदलला की भलतंच उत्तर देतो.

पुढच्या भाषांनी आपापल्या वाटा काढल्या. जावाने डावीकडून उजवीकडे असा क्रम पक्का केला, तिथे उत्तर १३च. पायथनने ही चिन्हं घेतलीच नाहीत. गो भाषेत ती स्वतंत्र ओळ म्हणूनच चालतात, बेरजेत घालता येत नाहीत. स्विफ्टने २०१६ मध्ये ती काढूनच टाकली.

हा प्रश्न परीक्षेतून काढा, असं आम्ही म्हणत नाही. उलट ठेवा. पण ‘भाषेने हे ठरवलेलं नाही’ हा पर्याय त्यात द्या, आणि तो निवडणाऱ्याला पूर्ण मार्क द्या. एखादी गोष्ट ठरलेली नाही हे ओळखणं, हेही ज्ञानच आहे.

आता तुमचे प्रश्न घेऊ.