बाळंभटदादा देवधर आणि वणीचा डोंगर

महाराष्ट्रातील मल्लविद्येचा इतिहास लिहू पाहणाऱ्यास पुण्याच्या तालमी, कोल्हापूरचे आखाडे आणि बडोद्याच्या व्यायामशाळा धुंडाळाव्या लागतात हे खरे; परंतु या विद्येचे जे अंग आज मल्लखांब या नावाने सर्वश्रुत आहे, त्याचा पुनर्जन्म परंपरा एकमुखाने सांगते तो नाशिकच्या उत्तरेस, वणीच्या डोंगरावर, सप्तशृंगीच्या सान्निध्यात. महसुली हिशेबाने वणी गाव दिंडोरी तालुक्यात आणि सप्तशृंगी देवीचा गड कळवण तालुक्यात मोडतो. पण यात्रेकरूंच्या तोंडी देवी सदैव ‘वणीची’च राहिली आहे, आणि देवधरांची कथा सांगणारेही वणीचेच नाव घेतात.

ही कथा दुसऱ्या बाजीरावाच्या कारकिर्दीतील. निजामाच्या मुलखातून अली आणि गुलाब नावाचे दोन मल्ल पुण्यास आले आणि त्यांनी हुजुरात अर्ज गुजरला की, आमच्या तोडीची जोड द्यावी, नसेल तर तसे जयपत्र लिहून द्यावे. त्यांचे अवाढव्य देह आणि त्यांच्या मागे चालत आलेली कीर्ती पाहून दरबारच्या नामांकित पैलवानांनी माना खाली घातल्या असता, पेशव्यांच्या आश्रयास असलेला बाळंभट देवधर नावाचा एक कोवळा ब्राह्मण तरुण पुढे झाला आणि त्याने आव्हान स्वीकारून तयारीपुरती मुदत मागून घेतली. ती मुदत त्याने कोणा वस्तादाच्या तालमीत न घालवता वणीच्या गडावर देवीच्या अनुष्ठानात घालवली. तेथे मारुतीने त्यास दृष्टांत देऊन लाकडी खांबावर कुस्तीचे पेच करून दाखविले. आणि ती विद्या आत्मसात करून परतलेल्या देवधराने अलीस चीत केल्यावर गुलाबाने हौद्यात उतरण्याचे नाकारले.

दृष्टांताची भाषा त्या काळाची आहे आणि ती तशीच स्वीकारण्यात मला संकोच वाटत नाही. कारण तिच्या आत शास्त्र दडलेले आहे. गडावर वानरांचा वावर आजही आहे, आणि झाडाच्या खोडास मिठी घालणारी, क्षणात उलटी होणारी, केवळ मांड्यांच्या पकडीवर देह तोलणारी ती चपळाई पाहूनच देवधरांना ही विद्या स्फुरली, असे सांगणारा दुसरा पाठही परंपरेत आहे. स्फूर्तीचा स्रोत देव मानावा की वानर, याचा निवाडा करण्याचे प्रयोजन नाही, कारण दोन्ही पाठांतून मूर्ती उभी राहते ती एकाच पुरुषाची : बळाने कमी, पण पकडीने आणि लाघवाने अजिंक्य.

खांबावरील श्रम देवधरांच्या पूर्वी नव्हता असे मात्र नाही. चालुक्य नृपती तिसरा सोमेश्वर याने १२व्या शतकात सिद्ध केलेल्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात मल्लांच्या नित्य व्यायामात स्तंभश्रमाचा उल्लेख येतो. तसेच आपल्या परंपरेने कुस्तीच्या चार पद्धती मानल्या असून त्यांना पुराणपुरुषांची नावे दिली आहेत : बळाची ती भीमसेनी, युक्तीची व चपळाईची हनुमंती, सांध्यांना जखडून शत्रूस निश्चेष्ट करणारी जांबुवंती आणि अवयव मोडण्यास प्रवृत्त होणारी ती जरासंधी. ही योजना मला फार मार्मिक वाटते. कारण तीमुळे कल्पित वीराचे चरित्र हीच जिवंत मल्लाची शिस्त होते. देवधरांनी हनुमंती पद्धत पत्करली आणि लोकस्मृतीने त्यांना हनुमंताचा शिष्य ठरविले. येथे स्वभाव, लढण्याची रीत आणि दैवत ही तिन्ही एकरूप झाली आहेत.

या रीतीचे मर्म खांबाच्या घडणीतच आहे. शिसवी किंवा सागवानी लाकडाचा, वर निमुळता होत जाणारा हा स्तंभ. त्याच्या भागांस अंग, मान व बोंड म्हणतात. आणि त्यास एरंडेल चोळलेले असल्यामुळे तो घामाने निथळणाऱ्या प्रतिस्पर्ध्यासारखाच हातातून निसटू पाहतो. हातांनी खांब धरून, पाय डोक्यावरून नेऊन, मांड्यांत खांब आवळून देह उलटा टांगणे ही अढी. बगलेत खांब दाबून फिरणे ही बगली. याशिवाय तेढी, दसरंग, फिरकी, सुईदोरा, वेल अशा अनेक जाती आहेत. ज्याच्या मांड्यांना तेलकट खांब आवळण्याची सवय जडली, त्याने खाली पडलेल्या बलाढ्य गड्यावर सवारी भरली म्हणजे वजनातील अंतर बहुतांशी निरर्थक ठरते. अलीच्या पराभवाचे मी मानतो ते कारण हेच. आणि म्हणूनच अलीस कथेतील दुष्ट पात्र करणे मला अन्यायाचे वाटते, कारण त्याच्यासारखा खरा मल्ल समोर नसता तर देवधरांच्या विद्येची कसोटीच लागली नसती.

ज्या मूर्तीपुढे हे अनुष्ठान झाले ती कड्यात कोरलेली, सुमारे ८ फूट उंच, अष्टादशभुजा महिषमर्दिनीची आहे. उमाबाई दाभाड्यांनी बांधविलेल्या पायऱ्या चढून तिच्यासमोर उभे राहणाऱ्या तरुणाच्या मनात आपल्याहून प्रचंड देहाच्या पाडावाची कल्पना सहज जागी झाली असेल, असे मला वाटते.

१८१८ साली पेशवाई बुडाली आणि बाजीरावास ८ लक्षांच्या तनख्यावर ब्रह्मावर्तास राहणे प्राप्त झाले. तेव्हा देवधरही तिकडे गेले, आणि मराठी राज्याची दौलत संपत असता ही विद्या मात्र उत्तरेत, काशीपर्यंत पसरली. कोंडभटनाना गोडबोले, दामोदरगुरू मोघे यांसारख्या शिष्यांनी ती पुढच्या पिढ्यांस दिली. बडोद्याच्या मुजुमदारांनी संपादिलेल्या व्यायामज्ञानकोशाने तिला ग्रंथरूप दिले. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ साली ती बर्लिनला, ऑलिंपिकप्रसंगी, जगासमोर मांडली. आणि २०१९ साली मुंबईत शिवाजी पार्कवर मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा भरली.

या उत्कर्षात एक ताटातूट घडली आहे, आणि तिचे दुःख मला वाटते. स्पर्धेतील मल्लखांब आता सौष्ठव आणि तोल यांवर जोखला जातो. पैलवान गादीवर सराव करतात, आणि खांबावर चढणाऱ्या मुलास आपली अढी कोणत्या डावाचे पूर्वरूप आहे हे सांगणारे वस्ताद विरळ झाले आहेत. वणीच्या परिसरात यात्रा-जत्रांतून आजही कुस्त्यांचे फड रंगतात. तेथील प्रत्येक तालमीत, मातीच्या हौद्याला लागूनच, एक एरंडेल पाजलेला शिसवी खांब रोवला जावा आणि अढी व सवारी ही दोन्ही एकाच वस्तादाने एकाच सकाळी शिकवावी.