सुभेदारांची पेन्शन आणि परळची खोली

१/ विसाव्या शतकाची पहिली वर्षे. परळच्या डबक चाळीतील एकच खोली. तीत चूल, भांडी आणि सारे कुटुंब. शाळकरी मुलाला लवकर झोपवून वडील रात्री दोनपर्यंत जागतात. मग त्याला अभ्यासाला उठवतात आणि त्याच्या रिकाम्या झालेल्या जागेवर स्वतः आडवे होतात. वडील म्हणजे निवृत्त सुभेदार रामजी मालोजी सकपाळ, मुलगा भीमराव.

२/ रामजींनी उमेदीची वर्षे ब्रिटिश हिंदी लष्करात घालवली. लष्करी शाळेत ते मुख्याध्यापक होते. त्यांचे वडील मालोजी सैनिक, सासरे मुरबाडकर हेही लष्करात सुभेदार. अशा महार कुटुंबांना पलटणीने तीन गोष्टी दिल्या होत्या: रोख पगार, मुलांना शाळा आणि गावकीच्या बेगारीतून सुटका. कोरेगावच्या जयस्तंभावरील ‘नाक’ने संपणारी नावे या जुन्या नात्याची साक्ष देतात.

३/ १८९२ च्या सुमारास हे नाते तुटले. काही जमातीच जन्मतः लढवय्या असतात, या सिद्धांताचा लष्करात जोर वाढला आणि महारांची भरती बंद झाली. निवृत्तांची पेन्शन चालू राहिली. पण ती एका आयुष्यापुरती होती. पूर्वी बापाच्या जागी मुलगा पलटणीत जाई. आता घराचे स्थैर्य वृद्ध पेन्शनरच्या श्वासावर टिकून राहिले.

४/ कोकणातील दापोली हे अशा पेन्शनरांचे मोठे वसतिस्थान. तेथेच निवृत्त सैनिक गोपाळबाबा वलंगकर यांनी १८९४ मध्ये भरती पुन्हा खुली करण्यासाठी सरसेनापतींच्या नावे अर्ज तयार केला. त्यात दयेची याचना नव्हती; पूर्वजांनी बजावलेल्या सेवेच्या आधारे केलेली हक्काची मागणी होती.

५/ रामजीही काही काळ दापोलीत राहिले. त्यांची पेन्शन दरमहा ५० रुपये. मोठ्या कुटुंबाला ती पुरेना, म्हणून त्यांनी साताऱ्यात नोकरी धरली. तेथेच पत्नी भीमाबाई निवर्तल्या. पुढे मुलांच्या शिक्षणासाठी ते मुंबईला आले आणि गिरण्यांच्या परळात राहू लागले.

६/ मुलाला पुस्तके हवी असली आणि हाती पैसा नसला, की रामजी विवाहित मुलींकडून दागिना मागून आणत, तो सावकाराकडे गहाण ठेवत आणि पेन्शन आली की सोडवून परत करत. लष्करी भरतीने जे स्थैर्य पुढच्या पिढीला दिले असते, ते आता शिक्षणातूनच मिळवायचे होते.

७/ पुढे कुटुंब परळच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत आले. १८९६ च्या प्लेगनंतर स्थापन झालेल्या या ट्रस्टने शहरात अनेक चाळी उभारल्या होत्या. २ फेब्रुवारी १९१३ रोजी रामजी वारले आणि त्यांच्याबरोबर पेन्शनही संपली. तोपर्यंत मुलगा बी.ए. झाला होता, त्याच वर्षी तो न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाला.

८/ भरतीचा लढा मात्र चालूच राहिला. १९१० मध्ये शिवराम जानबा कांबळे यांनी थेट भारतमंत्र्यांकडे अर्ज केला. पहिल्या महायुद्धात मनुष्यबळाची गरज पडताच, १९१७ मध्ये, ‘१११ वी महार’ पलटण उभी राहिली. युद्ध संपले आणि १९२१ मध्ये ती मोडण्यात आली. गरजेपुरते बोलावलेले सैनिक पुन्हा घरी पाठवले गेले.

९/ १९४१ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीवर आले. त्यांनी महारांच्या भरतीचा आग्रह धरला. १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली. वलंगकरांच्या अर्जाला तेव्हा सत्तेचाळीस वर्षे झाली होती.

१०/ परळच्या त्या चाळीत बाबासाहेब सुमारे दोन दशके राहिले; नंतर दादरच्या हिंदू कॉलनीतील ‘राजगृह’ हे त्यांचे घर झाले. पुस्तकांसाठी बांधलेली ती वास्तू पाहायला आज असंख्य लोक येतात. तिथून परळ फार दूर नाही. सुभेदारांच्या पेन्शनीवर आणि लेकींच्या दागिन्यांवर आलेली पहिली पुस्तके तिथल्याच एका खोलीत, मध्यरात्रीनंतर वाचली गेली होती.